दोरीवरची खरी ओळ

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. माझ्याकडचे सगळे दुसरीच्या वर्गातले आहेत. आमची नववी दुपारी भरते, म्हणून सकाळी मी दुसरीच्या देशपांडे मॅडमच्या मदतीला जाते. "ही काही बोलतच नाही," आमच्या वर्गशिक्षिका माझ्याबद्दल काळजीनं म्हणाल्या होत्या. "मग हीच द्या," मॅडम म्हणाल्या, "बोलणारे माझ्याकडे भरपूर आहेत."

त्या भरपुरांमध्ये भक्ती एकटीच निम्मी. ती दिवसभर बोलते. लिहायचं म्हटलं की मात्र पेन्सिलीला टोक करत बसायची, टोक असलं तरी. तिचे पप्पा चितेगावच्या कंपनीत आहेत. त्यांनी मॅडमना सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. पोरगी लिहिती झाली नाय, तर दुसऱ्या शाळेत टाकतो."

भक्तीला दुसरी शाळा नको होती. हेही ती दिवसभर सांगायची, फक्त लिहायची नाही.

*

मॅडम रोज सकाळी फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकवून ठेवतात. ज्याला चूक सापडेल, त्यानं मधल्या सुट्टीची घंटा वाजवायची. या घंटेपायी मुलं शाळा भरायच्या आधीच खिडकीला लटकून फळा वाचतात.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. डस्टर उचललं आणि उत्तर दुरुस्त केलं.

भक्ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आमची चूक पुसली त्यांनी."

साहेब मॅडमना काही सुनावणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरचा अयान उठला. "सर, अब घंटी आपकोच बजानी पडेगी."

साहेबांनी शेरा काय लिहिला, मला माहीत नाही. घंटा मात्र त्यांनीच वाजवली, आणि जरा जास्तच वेळ वाजवली.

*

टेबलावर शेंगदाण्यांची बरणी असते. आत किती दाणे असतील, याचा आधी अंदाज करायचा, मग दहा-दहाचे ढीग करून मोजायचं.

मुलं हुशार. ती कालचाच आकडा अंदाज म्हणून सांगायला लागली. पण मोजल्यावर रोज थोडे कमी भरायचे. शेवटी तपास लागला. मुख्याध्यापक सर राउंडला आले की बोलता बोलता बरणीत हात घालायचे.

त्यानंतर भक्तीचा अंदाज सगळ्यांत जवळचा यायला लागला. सर काल किती वेळ उभे होते, हे ती लक्षात ठेवायची.

"या वर्षी वजाबाकी मी शिकवलीच नाही," मॅडम मला म्हणाल्या. "सरांनी शिकवली."

*

लिखाणासाठी वर्गाबाहेर दोरी बांधली आहे. प्रत्येकाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा. सकाळी आल्यावर काल घडलेली एक गोष्ट एका ओळीत लिहून अडकवायची. नियम एकच, ओळ खरी पाहिजे.

दोरीवर लटकलेल्या काही ओळी:

"काल नळाला पाणी आलं आणि आई हसली."

"आजीचा उपास होता तरी तिनं माझी भजी खाल्ली."

"पप्पा फोनवर म्हणाले मी वाळूजला आहे पण ते सोफ्यावर होते."

मुलांना न्यायला येणारे पालक आधी आपल्या घरची चिठ्ठी वाचायचे, मग शेजारच्यांची सावकाश वाचायचे. भक्तीचे पप्पा रिकाम्या चिमट्यासमोर उभे राहायचे. त्यांना वाचायला काहीच नसायचं.

*

शनिवारच्या पालकसभेत सोफ्यावरचे पप्पा सगळ्यांत आधी उठले. "मॅडम, मुलांना गाय, माझी शाळा असं काहीतरी लिहायला द्या की. घरातलं कशाला?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मॅडमनी शांतपणे सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी वाटली. "तक्रार नंतर ऐकते. आधी काल घडलेली एक गोष्ट लिहा. खरी."

कुणी पेनाचं टोपण चावत होतं, कुणी शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावत होतं. "कॉपी नाही," मॅडम म्हणाल्या. गोळा केल्यावर पाहिलं, तर बहुतेकांनी लिहिलं होतं, "काल विशेष काही घडले नाही."

भक्तीच्या पप्पांनी चिठ्ठी कोरीच खिशात घातली. तक्रार करायची सगळ्यांचीच राहून गेली.

*

सोमवारी भक्तीच्या चिमट्यात चिठ्ठी होती! "मी पहाटे उठून अभ्यास करते व आईस कामात मदत करते." अक्षर तिरकं, वळणदार, खाली रेघ मारलेली.

मुलांनी गर्दी केली. भक्तीनं ओळ वाचली आणि त्या दिवशी ती चक्क गप्प बसली. मॅडमनी चिठ्ठी तशीच राहू दिली.

मंगळवारी भक्ती सगळ्यांच्या आधी आली आणि पेन्सिलीला टोक न करताच लिहायला बसली. तिनं आपली चिठ्ठी त्याच चिमट्यात, कालच्या चिठ्ठीवर अडकवली.

"काल माझी ओळ पप्पांनी लिहिली. ती खोटी आहे. मी पहाटे उठत नाही पप्पा उठवतात तरी उठत नाही."

"मॅडम, एकच ओळ सांगितली होती," अयान म्हणाला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर पप्पा आले. बाकीचे पालक आधीच वाचून, दुसरीकडे बघत उभे होते. पप्पांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग चिमटा उघडून आपली चिठ्ठी काढून घेतली आणि भक्तीची नीट सरळ करून लावली.

"अक्षर लई साफ हाय पोरीचं," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "मॅडम, हे रोज लिहायचं असतं व्हय?"

"रोज."

"दिवाळीनंतर पण?"

"दिवाळीनंतर पण."

पप्पांनी भक्तीचं दप्तर खांद्यावर घेतलं. "म्हंजे आता घरी नीट वागावं लागंल."