मागे नाव नसलेले फोटो

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझ्या वडिलांचा कर्जतला फोटो स्टुडिओ होता. साठ-सत्तरच्या दशकात लोकांनी काढून घेतलेले आणि न्यायचे राहिलेले पेटीभर फोटो घरी पडून आहेत. एकाच्याही मागे नाव नाही! विचारलं की वडील म्हणायचे, "सगळ्यांना ओळखतो मी. नाव कशाला लिहायचं?" त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. आता कोण ओळखणार?

आज सकाळी जवळच्या कोंडाणे गावाहून भाऊ-बहीण आले, दोघंही साठीच्या पुढचे. ते लहान असतानाच वारलेल्या त्यांच्या आईने एकदाच फोटो काढून घेतला होता आणि तो आमच्याकडेच राहिला, असं त्यांच्या मामाने परवा सांगितलं.

मी पेटी पुढे ठेवली. तासाभराने बहिणीने एक फोटो उचलला. "हीच आमची आय! नाक बघा, माझंच हाय."

भावाच्या हातात भलताच फोटो. "येडी का गं तू? आय गेली तवा तू रांगत व्हतीस. मी पाच वर्षांचा व्हतो. ही आय हाय!"

मग दोघं माझ्याकडे वळले. "तुमी सांगा."

काय सांगू, कपाळ? वडिलांचा असा राग आला!

कुणीच ऐकेना. शेवटी आपापला फोटो छातीशी धरून, एकमेकांशी न बोलता, दोघं एकाच रिक्षात बसून गेले. त्यातली एक तरी त्यांची आई होती का, देव जाणे.

तुमच्याकडच्या जुन्या फोटोंमागे नावं आहेत का हो? नसतील तर ओळखणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. आजच.