चाळीस घरांची फी

भोरला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही मराठी शिकवणीची वेबसाइट चालवायचो. आम्ही म्हणजे मी आणि मार्गासनीच्या बाई. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं यायच्या आणि परदेशातल्या मराठी मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायच्या. फी चेकनं यायची. चेक टपालात महिनाभर, मग बँकेत वटेपर्यंत आणखी महिना.

शेवटी ठरवलं, पालकांच्या कार्डावरून दरमहा फी आपोआप कापणारी सेवा घ्यायची. जूनपासून सुरू, असं चाळीस घरांना कळवूनही टाकलं. मे संपत आला तरी आमचा करार कुणाशीच झाला नव्हता.

दोन कंपन्या समोर होत्या. एक महाग, ढीगभर कागद मागणारी, मंजुरीची खात्री नाही. दुसरी स्वस्त, आणि तिचा माणूस करार घेऊन पुण्याहून घरी येणार होता. तिची चाचणी मी अमेरिकेतल्या नणंदेच्या कार्डावर घेतली होती. दर आठवड्याला थोडे पैसे कापायचे, असं लावलं होतं. पहिल्यांदा ठीक कापले गेले. मग नणंदेला म्हटलं, आता बंद करून बघ.

तो माणूस यायच्या दिवशी सकाळीच तिची मेल आली. ‘वहिनी, बंद करायला सांगूनही परत पैसे गेले. फोन कुणी उचलत नाही.’

तासाभरात तो आला. चहा झाला, करार टेबलावर आला. मी म्हटलं, “आमच्या नणंदेचं आत्ता बंद करून दाखवा.”

“इथून नाही होत, मॅडम. ग्राहकानं लेखी कळवायचं. महिनाभर लागतो.”

“आणि तोवर?”

“तोवर कापले जातात.” तो हसला. “लोक विसरतात हो. त्याच्यावरच तर धंदा चालतो.”

खरं सांगते, तरीही मी पेन उचललं होतं. चाळीस घरांना काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिवशी रेकॉर्डिंगला आलेल्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या शाळेत एक हेडमास्तर होते. पोराला दुसऱ्या शाळेत घालायचं म्हटलं की दाखला अडवून ठेवायचे. त्यानं पोर काही थांबत न्हाई. आईबापाच्या मनात अढी तेवढी बसती.”

मला त्यांचा रागच आला. यांना बोलायला काय जातंय? पण मी पेन खाली ठेवलं. तो माणूस कागद गोळा करून निघून गेला.

महाग कंपनीकडे अर्ज केला. तिथं पालकांना स्वतःलाच फी बंद करता येत होती. जून कोरडा गेला. मी घरोघर माफीच्या मेल पाठवल्या. उत्तर आलं नाही की जेवण जात नसे. जुलैत मंजुरी आली, फी कापली गेली आणि पंधरा दिवसांत पाच घरांनी ती बंद केली.

“बघा,” मी बाईंना म्हटलं. आवाज चढलाच माझा. “सोपं करून दिलं, तर गेले.”

“कुठल्या धड्यावरनं गेले, ते बघ आधी.”

बघितलं. पाचातली चार मुलं तिसऱ्या धड्यावर थांबली होती. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि चष्मा काढून ठेवला.

“लई भरभर वाचलंय म्या,” त्या म्हणाल्या. “माइक लाव.”