चाळीस हजार दगडांत एक

पुण्याहून कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यात नोकरीला आलेल्या मल्हार लिमयेला देवाचं काम मिळालं होतं, आणि ते तो देवापेक्षा जास्त गंभीर चेहऱ्याने करायचा. त्याच्या कंपनीने एक व्हिडिओ गेम काढला होता. खेळणाऱ्याने हातात कुदळ घ्यायची, वाटेल तिथे खणायचं आणि निघेल त्या मालातून घर, पूल, किल्ला, मनाला येईल ते बांधायचं. लोखंड, तांबं वरवरच ढिगाने. निळमणी मात्र खोल काळ्या दगडात, आणि दुर्मिळ. तो किती आणि कुठे पुरायचा, हे ठरवण्याचा पगार मल्हार सहा वर्षं घेत होता.

चाळीस हजार दगडांत एक निळमणी, हे त्याचं प्रमाण. "सहज मिळालं की किंमत राहत नाही," असं तो मीटिंगमध्ये सांगायचा, कॅन्टीनमध्ये सांगायचा, कुणाच्या लग्नाला गेला तर पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनाही सांगायचा. तीन आठवडे खणून हाती काही न लागलेली माणसं रडकुंडीला येऊन लिहायची, आणि हा महात्मा त्यांना चिकाटीचा उपदेश करायचा. स्वतःच्या खोलीतला गिझर दोन दिवस बंद पडला तर याने घर डोक्यावर घेतलं होतं, ते सोडा.

माणसं काय, वैतागून गेम सोडून जायला लागली. तेव्हा त्याची वरिष्ठ दिव्यश्री म्हणाली, "पुरे झालं. निळमणी गेममधल्या दुकानात ठेवू. पैसे टाका, उचला."

निळमणी दुकानात म्हणजे त्याची सहा वर्षं पाण्यात. त्याने दिव्यश्रीच्या हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "साधा माणूससुद्धा खणून मिळवू शकतो, हे मी सिद्ध करतो," तो म्हणाला. तिने पंधरा दिवस दिले.

आता साधा माणूस आणायचा कुठून? याच्या ओळखीचे सगळे इंजिनिअर. शेवटी के. आर. पुरममध्ये तो ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा, त्या पद्मावती अक्का सापडल्या. वय एकाहत्तर, गुडघे कामातून गेलेले, मालिकांचा कंटाळा आलेला. मूळचं मराठी घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन मुरलेलं, त्यामुळे मराठी अस्सल आणि त्यात कन्नडची फोडणी.

मल्हारने टॅब्लेट हातात दिला. अक्कांनी चष्मा पुसला, "स्वल्प दाखव रे," म्हणाल्या आणि खणायला लागल्या. पहिल्या दिवशी मजा आली. पाचव्या दिवशी भाजी करपली. दहाव्या दिवशी त्या नुसत्याच गप्प गप्प राहायला लागल्या. बाराव्या दिवसापर्यंत त्यांच्या बोगद्यातून फक्त काळा दगड निघाला होता आणि मल्हारच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेराव्या दिवशी ऑफिसात बसून त्याने अक्कांचा खेळ उघडला आणि त्यांच्या बोगद्यासमोर, तीन दगड सोडून, एक निळमणी ठेवला. फक्त एक. याला फसवणूक म्हणत नाहीत, मदतीचा हात म्हणतात, हे स्वतःला पटवायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग त्याने अहवाल लिहिला: सामान्य खेळाडूला तेरा दिवसांत, कुणाच्याही मदतीशिवाय निळमणी मिळाला.

संध्याकाळी साहेब मैसूरपाक घेऊन घरी आले. अक्का टॅब्लेट पालथा ठेवून बसल्या होत्या.

"मिळाला का अक्का?"

"मिळाला. कुणी ठेवला?"

मल्हार हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"माझे अप्पा कोलारच्या सोन्याच्या खाणीत होते," अक्का म्हणाल्या. "सोनं असं एकटं बसत नसतं रे. आधी पांढरी गार, गारगोटीचा दगड, लागते. त्या गारेची रेघ धरून माणूस पुढे जातो. रेघ मेली की मागे फिरायचं, दुसरीकडे बघायचं. तुझ्या खाणीत तेरा दिवस काळा दगड, काळा दगड, आणि आज एकदम हा, कुणाच्या खिशातून पडल्यासारखा."

"पण अक्का, दुर्मिळ वस्तू म्हटली की..."

"न मिळाल्याचं मला काही नाही. अप्पांनाही महिना महिना मिळायचं नाही. पण जवळ आलोय की लांब चाललोय, एवढं तरी त्यांना कळायचं. मला काहीच कळलं नाही. आपण येड्यासारख्या खणतोय, असं वाटायला लागलं. वाईट वाटलं रे मला."

सहा वर्षांत मल्हारने आलेख काढले, तक्ते भरले, निळमणी किती असावा यावर भांडणं केली. खणणाऱ्याला वाटेत काय दिसावं, हा प्रश्न त्या हुशार डोक्यात एकदाही शिरला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याचा अहवाल भिंतीवरच्या पडद्यावर झळकला. दिव्यश्री खूश झाली. "मिळाला की. मग दुकान रद्द करू?" नुसती मान हलवायची होती. त्या क्षणी मान हलवण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नव्हतं.

"तो मी ठेवला होता," मल्हार म्हणाला. मग त्याने गारेच्या रेघेचं सगळं सांगितलं आणि अशी वाट दाखवणारी रेघ गेममध्येही घालू म्हणाला.

दिव्यश्रीने ते मन लावून ऐकलं. "चांगलं आहे. करायला किती दिवस?"

"दोन महिने."

"दुकान सोमवारी उघडतंय," ती म्हणाली आणि तिने पुढचा विषय घेतला.

सोमवारी निळमणी दुकानात आला आणि वडापावासारखा खपला. मल्हार संध्याकाळी खाली आला तेव्हा अक्का खणतच होत्या. त्यांनी तो ठेवलेला निळमणी दरीत टाकून दिला होता.

"आता विकत मिळतो, अक्का."

"सरी, असू दे. घेणारे घेतील. तुला पहिला मिळाला तेव्हा किती दिवस खणलं होतंस?"

मल्हारने खाली बघितलं. ऑफिसात एक ओळ टाइप केली की निळमणी हातात येतो. कुदळ त्याने कधी धरलीच नव्हती. ते सांगताना त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

अक्कांनी टॅब्लेट त्याच्याकडे सरकवला. तो खणायला लागला. काळा दगड, काळा दगड. अर्ध्या तासात त्याची बोटं दुखायला लागली आणि डोकं तापलं.

"अक्का," त्याने विचारलं, "अजून किती राहिलं असेल हो?"

"मला काय विचारतोस?" अक्का म्हणाल्या. "तूच केलंयस ना हे?"