पाहुण्यांसाठी आवरलेली वाडी

बदलत्या हवामानाचं धोरण ठरवायला सरकारनं समिती नेमली आणि ती समुद्रपूरकडे, थेट आमच्या भाजीच्या वाडीत येणार असं कळलं, तेव्हा बाबा हरखून गेले. कापसाची नुकसानभरपाई उशिरा का होईना, मिळायची. भाजीपाला सरकारच्या खिजगणतीतच नव्हता. त्या हिवाळ्यात भलत्याच वेळी पाऊस लागला आणि आमचे टमाटर, फुलकोबी उभ्या उभ्या सडले. साहेबांनी हे डोळ्यांनी पाहिलं तर भाजीही धोरणात येईल, मग माझ्या धाकट्या भावाला वाडी सोडून जावं लागणार नाही, ही बाबांची आशा. मीही नागपूरहून रजा काढून निघालो.

जामला गाडी बदलून पोचेतो समिती येऊन बसली होती. मी वाडीत पाऊल टाकलं. सडलेलं एकही झाड जागेवर नव्हतं. आईबाबांनी पहाटेपासून सगळं उपटून नाल्यापलीकडे फेकलं होतं, वाफे सारखे केले होते, विहिरीपर्यंत सडा घातला होता. आमच्यात पाहुणा येणार म्हटलं की वाडी आवरायचीच; सोयरीक जुळवायला आलेली माणसंही घराआधी वाडी बघतात. वाचलेल्या मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आईनं साहेबांपुढे मांडल्या होत्या.

साहेब माणूस चांगला होता. नुकसान कुठे झालं, हे त्यांनी आपणहून विचारलं. बाबांनी मोकळ्या वाफ्यांकडे हात केला. पण मोकळ्या वाफ्यात कुणाला काय दिसणार? नाल्यापलीकडचा ढीग दाखवतो म्हणालो, तर त्यांनी घड्याळ पाहिलं. वडनेरला लोक खोळंबले होते. निघताना ते म्हणाले की वाडी फार सुंदर ठेवली आहे, आणि बाबा खुलले. मला बाबांचा इतका राग आला की त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

धोरण आलं. त्यात भाजीपाला नव्हता. धाकटा कंपनीत कामाला लागला. असं का केलंत, म्हणून मी बाबांना विचारलंच.

"सडलेलं कसं दाखवावं पाहुण्याले?" ते म्हणाले. "आपल्याले येत नाई ते."

आता राग नाही. नुसतं वाईट वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात तसाच पाऊस आला. या खेपेला बाबांनी एका झाडाला हात लावू दिला नाही. वास घरापर्यंत यायचा, आई नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची. बाबा मात्र रोज सकाळी धुतलेला सदरा घालून वाडीच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभे राहायचे. उन्हाळा लागेपर्यंत कोणी आलं नाही.