बोर्डावरचा अंगठा

नर्सबाईंकडे चहाला गेलं की त्या आधी विचारायच्या, "आज कुठं बसायचं?" बसायला जागा म्हणजे त्यांच्या जव्हारच्या घराची ओटी आणि तिथलं एक लाकडी बाक. पण विचारणं खोटं नव्हतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवली होती, सगळी चहाच्या हॉटेलांची. दार्जिलिंगचं, सिमल्याचं, मुंबईतल्या कुठल्याशा इराण्याचं, विलायतेतली तर कितीतरी. पाहुण्यानं न बघता एक कार्ड काढायचं. बाई ते साखरेच्या डब्याला टेकवून उभं करायच्या आणि त्या दिवशीचा चहा तिथं व्हायचा.

फोन मात्र आत ठेवायला लावायच्या. "हॉटेलात आलात ना? मंग घर कशाला संगं आणलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नाशिकच्या, मुंबईच्या रद्दीवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हातारपणी लोक तीर्थं करतात, ही बाई हॉटेलं करते, असं आमच्या आळीत चेष्टेनं म्हणत. बाईंच्या कानावर ते जायचं आणि त्यांना ते आवडायचं. सगळी नोकरी आरोग्य केंद्रात गेलेली, त्यामुळे जामसर-वांगणीकडची माणसं बाजाराला आली की ओटीवर टेकायचीच. वांगणीच्या एका आजोबांनी एकदा सिमला काढलं. पांढरी टेबलं, मागे बर्फाचे डोंगर. आजोबांनी कोरा चहा बशीत ओतला, कार्डाकडे नीट बघितलं, खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला आणि म्हणाले, "गारठा हाय इथं." बाहेर वैशाख तापला होता. बाईंनी तोंडावरची रेषही न हलवता त्यांना आणखी अर्धा कप दिला.

त्यांना हवं असलेलं हॉटेल डब्यात नव्हतं. मोखाड्याच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांचं हॉटेल होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, दारात एक बाक. वडील गेले, मागाहून रस्ता रुंद झाला आणि हॉटेलही गेलं. त्याचा फोटो कुणी काढलाच नाही. फोटो लग्नात काढायचा, हॉटेलाचा कोण काढतो? तरी नवं पाकीट आलं की बाई चष्मा पुसून बसायच्या. कुणी साहेब शिकारीला जाताना चहाला उतरला असेल, काय सांगावं, म्हणायच्या. मला त्यांची फार माया यायची तेव्हा.

एकदा सकाळीच त्यांनी मला हाक मारून बोलावलं. हातात नाशिकहून आलेलं कार्ड होतं. कुडाची भिंत, पाठमोरा चहा गाळणारा माणूस, पुढे बाक, बाकाच्या एका पायाखाली दगड. बाईंनी त्या दगडावर बोट टेकवलं. "आमचंच बाक हाय. दगड बघ."

मी बघितला. दारावरचा बोर्डही बघितला. त्यावर गुजराती अक्षरं होती. बाईंनी ती माझ्या आधीच वाचलेली होती. त्यांनी बोर्डावर अंगठा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बोर्ड नको बघू, बाय. आमच्या हॉटेलाला बोर्डच नव्हता."

ते कार्ड डब्यात कधी गेलं नाही. संध्याकाळी एकट्या असल्या की त्या ते काढून बसत. बोर्डाची अक्षरं हळूहळू पुसट झाली.

पुढे गुडघे फारच धरले, तेव्हा मुलगा त्यांना ठाण्याला घेऊन गेला. डबा बरोबर गेला. ते एक कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "याला इथंच राहू दे. तिकडून त्याला मोखाड्याचा रस्ता गावायचा नाय." फोनवर एवढंच सांगायच्या की इथं सगळे चहा उभ्यानंच पितात.

गेल्या थंडीत त्या गेल्या. घर विकलं गेलं, ओटी पाडून तिथं स्लॅब पडला. मी माझा फोन उपसून काढला. धबधबे, शाळेचं गॅदरिंग, पुतण्याचं बारसं, सगळं होतं. ओटीचा एकही फोटो नव्हता. फोन तर कायम आत असायचा.

आता संध्याकाळी मी चहा ठेवते आणि ते कार्ड साखरेच्या डब्याला टेकवते. मग बोर्डावर अंगठा ठेवते. कार्डातलं बाक नर्सबाईंच्या ओटीवरचंच आहे.