साक्षीला आईची सही

माझी आतेबहीण दिसायला गरीब गाय, पण जिन्याखाली तिचं टेबल दिसलं की कॉलेजातली पोरं जिना बदलायची. नोकरी लागली की पगारातला ठरावीक हिस्सा गरजूंना देईन, असं वचन ती विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायची. आमच्या खिशात तेव्हा चहापुरतेही पैसे नसत, म्हणून आम्ही कर्णाच्या थाटात सह्या ठोकल्या. नसलेल्या पगारातून द्यायला आपल्या बापाचं काय जातं? मी तर जोशात दहावा हिस्सा लिहिला.

मग ती गोड हसून म्हणाली, "आता साक्षीदार म्हणून मामीची सही आण."

सही करताना आई अगदी भरून पावली. पुढे मला नोकरी लागली, पहिला पगार आला आणि मी मूग गिळून गप्प बसलो. बहिणीने चकार शब्द काढला नाही. बोलली ती आई.

"दिलेस का, असं मी विचारतच नाही," भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "दिलेस म्हणून शेजारच्या काकूंना सांगून टाकलंय."

झक मारत पैसे द्यायला गेलो, तर टेबलापाशी काकू आधीच हजर, तिसरीतल्या मुलाचा कान धरून.

"आमचा पाचवा हिस्सा लिही!" त्या बहिणीला म्हणाल्या.

"पाचवा हिस्सा म्हणजे किती?" पोराने मला विचारलं.

"नोकरी लागली की कळेल," मी म्हणालो आणि पेन त्याच्या हातात दिलं.