आण्णांचं नाव वाचलं नाही

कोल्हापूरच्या स्टँडवर आई मला सोडायला आली, तेव्हा आण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले होते. बॅगेत आयर्लंडच्या हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट लेटर होतं, पण आम्हा दोघींच्या डोक्यात आदल्या रविवारची चर्चमधली मिस्साच घोळत होती. बस सुटताना आई एवढंच म्हणाली, "तिकडं तरी त्यांचं नाव वाचायला लाव, बाई."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. नोव्हेंबरात आम्ही आपापल्या मेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतो आणि मिस्सात फादर ती वाचतात. आई चंदगडची, जन्मानं कॅथलिक. आण्णा बौद्ध, शेवटपर्यंत बौद्धच. दर रविवारी ते शाहूपुरीतून आम्हाला स्कूटरवर आणायचे, बाहेर थांबायचे आणि चर्चची पाण्याची मोटर बिघडली की तीही फुकट दुरुस्त करायचे. यादी असायची मास्तरांकडं. हे आमचे धर्मशिक्षक, मला प्रार्थना शिकवणारे. त्यांनी चारचौघांत आईची चिठ्ठी परत दिली. "बाप्तिस्मा न्हाय, तर तारण न्हाय. बुडालेल्यासाठी कशाला प्रार्थना करायची?"

मोटर दुरुस्त करून घेताना बाप्तिस्मा कुणी विचारला नव्हता.

इकडं रोस्टर, हीटर आणि ब्रेकमधलं कोरडं सँडविच अंगवळणी पडायच्या आधीच मी वॉर्डात येणाऱ्या म्हाताऱ्या फादरना गाठलं. त्यांनी चर्चच्या शिकवणीचं पुस्तकच उघडलं. स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त उमगला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सदसद्विवेकानं वागतो, त्याचंही तारण होऊ शकतं. मी हट्टानं म्हटलं, ते तर दर रविवारी आवारात असायचे, तरी आत आले नाहीत. फादर म्हणाले, त्यांच्या मनातलं तू बघितलंस का? मीही नाही. अमका नरकात गेला, असं चर्चनं आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. मग मिस्सात त्यांनी अडखळत आण्णांचं नाव वाचलं.

रडू यायला हवं होतं. आला तो संताप. ही शिकवण माझ्या जन्माआधीची, आणि तेच पुस्तक मास्तरांच्या कपाटात होतं. त्यावरची धूळ मीच पुसायचे.

त्या पानाचा फोटो मी मास्तरांना दर नोव्हेंबरला व्हॉट्सॲपवर पाठवते. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

परवा आईचा फोन आला. "मास्तर लई थकल्यात. पोरीला सांगा, माफ कर म्हणावं, असं बोलत्यात. सोड की आता."

मी सोडलेलं नाही. पण रोज रोझरीची जपमाळ घेऊन मास्तरांच्या तारणासाठी प्रार्थना करते. थेट स्वर्ग, मध्ये कुठं थांबा नको. आईला वाटतं, पोरगी निवळली.

आण्णांना स्वर्ग नकोच होता, हे मला माहीत आहे. माफ करा आण्णा, तो मला हवा आहे. शाहूपुरीतलं घर भाड्यानं गेलं, इथलं कधी माझं झालं नाही. तेव्हा घर कुठलं विचाराल, तर ज्या घरी मास्तर एक दिवस पोचतील आणि आण्णा दार उघडून म्हणतील, "या मास्तर, आत या," ते माझं घर.